बाळंतपण मँचेस्टरला, तर क्लासला दोघांनीही बसा

मँचेस्टरहून एका जोडप्याचं पत्र आलंय. ती चोपड्याची, तो शिरपूरचा. बाविसावा आठवडा चालू आहे आणि मिडवाइफने (तिथली शिकलेली सुईण) दोघांनाही अँटेनेटल, म्हणजे बाळंतपणाच्या तयारीच्या, क्लासला नाव घालायला सांगितलंय. त्याचं म्हणणं असं : 'आई येणारच आहे. तिने दोन लेकींची बाळंतपणं केलीत, मग क्लास कशाला? आणि जायचंच तर ही जाईल, मी तिथे बसून काय करू?'

जावईबापू, खरं तर तुम्हीच जायला हवं. आपल्या खान्देशात पहिलं बाळंतपण माहेरचं. ओटी भरली, डोहाळजेवण झालं की पोरगी माहेरी, आणि जावयाला फोन जातो तो सगळं पार पडल्यावर. आधी पोचलाच, तर दवाखान्याच्या व्हरांड्यात एका हातात फाइल, दुसऱ्या हातात चहाचा थर्मास. आत आई, मावशी, नाहीतर मोठी वहिनी. मँचेस्टरला या सगळ्यांच्या जागी तुम्ही एकटे. आई वेळेवर पोचल्या तरी मिडवाइफशी इंग्रजीत बोलायचं काम तुमच्याच गळ्यात येणार.

एनएचएसचे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे, क्लास फुकट असतात आणि साधारण बाळंतपणाच्या तारखेच्या ८ ते १० आठवडे आधी सुरू होतात. जागा लवकर भरतात, म्हणून नाव आत्ताच घाला. एनसीटीसारख्या संस्थांचे पैसे पडतात, पण तिथे त्याच भागातली, त्याच महिन्यातली जोडपी भेटतात. परक्या गावात ही ओळख नंतर रात्री-बेरात्री कामी येते. परवडत असेल तर मी तेच सुचवीन. मिडवाइफने सांगितलेला क्लास असेल तर नोकरी करणाऱ्या बाईला त्यासाठी पगारी वेळ मिळू शकतो. नवऱ्याला तपासणीच्या दोन खेपांसाठी बिनपगारी सुट्टीचा हक्क आहे. क्लास त्यात धरतील का, ते ऑफिसात विचारून घ्या; संध्याकाळचे आणि शनिवार-रविवारचे क्लासही असतात.

तिथे काय शिकवतात? प्लास्टिकच्या कटीच्या हाडातून बाहुली फिरवून दाखवतात, बाळ कसं वळत-वळत खाली येतं ते. नवऱ्यांकडून बाहुलीला डायपर बांधून घेतात. कळ आली की कंबरेच्या खाली तळहाताने कसं दाबायचं, हे तिच्याच पाठीवर करायला लावतात. कळा सुसह्य करायला ओढायचा गॅस अँड एअर काय, पाठीतून द्यायचं एपिड्यूरल काय, सिझर लागलं तर पुढे काय, हे शांत डोक्याने ऐकायची हीच वेळ. कळा सुरू झाल्यावर कोण कोणाला समजावणार!

सगळ्यात महत्त्वाचा भाग फोनचा आहे. इथे पोट दुखायला लागलं की रिक्षा करून दवाखाना गाठतात. तिकडे आधी मॅटर्निटी युनिटला, म्हणजे दवाखान्याच्या बाळंतपण विभागाला, फोन करायचा. पहिलटकरीण असेल आणि कळा लांब-लांब असतील, तर 'अजून घरीच थांबा, कोमट पाण्याने अंघोळ करा' असं सांगतात. साधारण पाच-पाच मिनिटांनी, नेमाने यायला लागल्या की बोलावतात. आता आपल्या पोरींचा स्वभाव बघा. दुखणं बोलून दाखवायचं नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. मिडवाइफने फोनवर विचारलं तर ओठ चावून 'आय ॲम ओके' म्हणतील, आणि पलीकडची बाई त्यावरूनच अंदाज बांधेल. तेव्हा फोन तिच्या हातात देऊन मोकळे होऊ नका. कळ किती वेळ टिकते, दोन कळांत किती मिनिटं जातात, तिला बोलता येतंय की नाही, हे मोबाईलवर टिपून तुम्ही सांगा. पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर कळांची वाट न बघता लगेच फोन. आणि ऐन वेळी तिला इंग्रजी सुचणार नाही, तोंडातून अहिराणीच निघेल, असं वाटत असेल तर दुभाष्याची सोय आधीच मागून ठेवा. एनएचएसमध्ये ती मोफत असते.

आता सासूबाई. सगळं नीट झालं तर तिकडे एका दिवसात, कधी त्याच्याही आत घरी सोडतात. त्याआधी बाळंतिणीच्या हातात चहा आणि टोस्ट देतात. सव्वा महिना वारा लागू न देणाऱ्या आईंना हे बघून भोवळ येईल. पुढचे काही दिवस मिडवाइफ घरी येऊन बघून जाते, हे त्यांना आधीच सांगा. खरी जुंपते ती घरी आल्यावर. बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, राईची उशी, जिभेला मध. धुरीने तर फ्लॅटचा स्मोक अलार्मच बोंबलेल, आणि धूर बाळाच्या छातीलाही वाईटच. मध वर्षभर नाही म्हणजे नाही, त्यातून बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. बाळाला पाठीवर, त्याच्या स्वतःच्या पाळण्यात, उशीशिवाय निजवायचं. तेलाची मालीश, बाळंतिणीचे लाडू, बाजरीची भाकर, भरपूर आराम, यात मात्र आईंना मोकळं रान द्या. पथ्यपाण्यावरून उगाच वाद नको.

'हे नको' सांगायचं कोणी? सुनेने नाही. ओल्या बाळंतिणीला सासूशी वाद घालायला लावू नका. आई तुमची, तुम्ही सांगा, आणि विमानात बसायच्या आधी सांगा. त्यासाठी तरी क्लासला बसलेलं असावं लागतं. 'मिडवाइफने मला स्वतः सांगितलं' म्हटलं की आई ऐकतात, 'हिने नेटवर वाचलं' म्हटलं की नाही.

आणि शिरपूरहून तयार लाडूंचा डबा नको. ब्रिटनमध्ये दूध-तुपाचे पदार्थ सोबत आणायला बंदी आहे. डिंक, खारीक, खोबरं आणायला सांगा, तूप तिकडे लोण्याचं कढवता येतं.