मुका मार नेमका लागला कुठे?

प्रश्न : आमची जनावरं गाडीत चढवताना ठणठणीत असतात, पण कत्तलखान्यात कातडं काढलं की पाठीवर, खुब्यावर काळेनिळे डाग निघतात. तेवढं मांस कापून टाकतात आणि आमचे पैसे कापतात. ते म्हणतात मार घरचाच आहे, ड्रायव्हर म्हणतो माझा संबंध नाही. खरं कोणाचं मानायचं?

उत्तर : कोणाचंच ऐकू नका, आधी डाग बघा. हा मुका मार, कातडी जाड असल्यामुळे वरून काही दिसत नाही पण आत रक्तवाहिन्या फुटून रक्त साकळलेलं असतं. लालभडक असेल तर मार ताजा, म्हणजे बहुतेक त्याच दिवसाचा, साधारण दिवस उलटला की तो गडद होतो, आणि पिवळट, पाणचट दिसला तर काही दिवस जुना, मग मात्र ड्रायव्हरला उगाच बोल लावू नका. तासाचा हिशोब यातून निघत नाही हं, अंदाज येतो इतकंच. आणि रक्त पूर्ण वाहून गेल्यावर असा डाग पडतच नाही, त्यामुळे ‘नंतर लागलं असेल’ ही सबब चालत नाही.

जागाही बोलते. खुब्याच्या हाडावर डाग म्हणजे घाईघाईत अरुंद दारातून रेटलेलं जनावर, पाठीच्या कण्यावर असेल तर वरून खाली येणारं फाटक आदळलं असण्याची शक्यता जास्त, बरगड्यांवर बऱ्याचदा दुसऱ्याची शिंगं. काठीचा वळ तर लगेच ओळखू येतो, शेजारी शेजारी दोन समांतर लाल रेघा आणि मधे फिकट पट्टी. हे दिसलं की वादच संपला.

आता मार टाळायचा कसा, तर अनोळखी जनावरं ऐनवेळी एकत्र कोंबू नका, ती झुंजतात, एकमेकांवर चढतात. शिंगंवाली वेगळी ठेवा. गाडीत घसरडं नको, खच्चून भरणं तर नकोच, कारण खाली पडलेल्याला उठायला जागाच राहत नाही आणि बाकीची त्याला तुडवतात. हाकताना खांद्याच्या मागे उभं राहिलं की जनावर आपसूक पुढे जातं, समोरून आलात की मागे सरतं, मग लोक काठी काढतात. सावली, लोंबणारी साखळी, पाण्याची चमक बघूनही ते बिचकतं, आधी ते हटवा ना!

बाकी, सगळंच मांस काळपट, कोरडं दिसत असेल तर तो मार नव्हे. खूप वेळ ताण किंवा उपास झाला की स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, संपतं, मग मांसात पुरेसं आम्ल तयार होत नाही, त्याचा पीएच (आम्लतेचं माप, आम्ल कमी तितका आकडा जास्त) ६ च्या वर राहतो, आणि असं मांस लवकर खराबही होतं. पुढच्या खेपेला कातडं काढताना स्वतः उभे राहा आणि डागांचे फोटो घ्या.