गोव्यातील सेवाभावी संस्थांची क्षमता कशी तपासावी आणि ती कशी वाढवावी?

तुम्ही लिहिले आहे की एका देणगीदारासाठी उत्तर गोव्यातल्या लहान संस्थांची ‘क्षमता’ तपासायचे काम तुमच्याकडे आले आहे. प्रश्नावली कशी करावी, आणि मागाहून कोणते प्रशिक्षण द्यावे, असे तुम्ही विचारता. अशी एक प्रश्नावली आमच्याकडे येऊन गेलेली आहे, म्हणून लिहायला बसले. लांबेल, पण वाचा.

डिचोली तालुक्यातल्या एका गावात आमची संस्था आहे. वाचनालय, मुलांचा संध्याकाळचा अभ्यासवर्ग आणि बायकांसाठी शिवणवर्ग. देवस्थानच्या अग्रशाळेतल्या, म्हणजे धर्मशाळेतल्या, दोन खोल्या हे आमचे ऑफिस. मी तिथे चिटणीस. २०२२ साली चवथ (गणेशचतुर्थी) आटोपून आठवडा झाला असेल, तेव्हा एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा निधी) विभागाने नेमलेला सल्लागार आला. गोव्याबाहेरचा तरुण, बोलायला चांगला, हातात टॅब. आठ विभाग, प्रत्येक प्रश्नाला एक ते पाच गुण.

पहिलाच प्रश्न धर्मादाय आयुक्तांच्या नोंदणी क्रमांकाचा. मी म्हटले, तो महाराष्ट्रात असतो. इथे धर्मादाय आयुक्त नाही, आम्ही १८६०च्या सोसायटी कायद्याखाली निबंधकाकडे नोंदलेलो आहोत. त्याला पटले, पण टॅब तो रकाना रिकामा सोडू देईना. शेवटी त्याने दोन गुण टाकले आणि पुढे गेला. मग १२ए, म्हणजे संस्थेला प्राप्तिकरातून सूट देणारी नोंदणी. ते प्रमाणपत्र आमच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेले होते. त्याने फोटो काढला आणि पाचपैकी पाच दिले.

मग त्याने बैठकांच्या नोंदी मागितल्या. आमचे इतिवृत्त मराठीत लिहिलेले असते, लांब वहीत, शाईने. त्याने दोन-चार पाने उलटली, “इंग्रजीत नाहीत का?” विचारले आणि वही मिटून ठेवली. ते वही मिटणे मला अजून आठवते. वाचून दाखवा म्हणाला असता तर मी दाखवली असती. मीही आपणहून म्हटले नाही, राग आला होता.

शेवटी दुसरी फळी. “तुम्ही उद्या काम सोडले तर संस्था कोण चालवील?” मी आमच्या हिशेबनीस मुलीकडे बोट दाखवले. अर्धवेळ काम, महिना नऊ हजार. त्या दिवशी त्याने मागितलेले प्रत्येक व्हाउचर तिने बसल्या जागेवरून हात लांब करून काढून दिले होते. कुठले बिल कुठल्या फाइलीत हे तिला पाठ होते. पण वारसनियोजनाचा कागद आमच्याकडे नव्हता. दुसऱ्या फळीला दोन गुण.

अहवाल आला तो चौतीस पानांचा, इंग्रजीत, कोळ्याच्या जाळ्यासारखी आकृती काढलेला. एकूण गुण पाचपैकी २.४. शिफारशी अशा: वेबसाइट करा, ध्येय-दृष्टी ठरवायला कार्यशाळा घ्या, पाच वर्षांचा आराखडा लिहा. आणि पणजीतल्या एका हॉटेलात दोन दिवसांचे प्रशिक्षण. मी गेले. दुसऱ्या दिवशी प्रश्नोत्तरे होती तेव्हा उभी राहिले आणि विचारले, आमच्या हिशेबनिसाच्या पगारातले निम्मे तरी कोणी देईल का, कारण तिला दुसरीकडून बोलावणे आले आहे. सीएसआरचे साहेब म्हणाले, “मॅडम, प्रशासकीय खर्चाला कायद्याने पाच टक्क्यांची मर्यादा आहे. आम्ही उपक्रमाला पैसे देतो, पगाराला नाही.” त्यावर मला उत्तर सुचले नाही. खाली बसले.

डिसेंबरात ती गेली. डिचोलीच्याच औद्योगिक वसाहतीत, दुप्पट पगारावर. तिने जायलाच हवे होते, मीच तिला तसे सांगितले. तिच्यानंतर दोघे येऊन गेले, टिकले नाहीत.

२०२४च्या जून महिन्यात मुंबईहून फोन आला. आमच्याच गावचे गृहस्थ, दर वर्षी पुस्तकांसाठी देणगी देणारे. “ताई, पावती मिळाली, पण ८०जीचे ते नवे १०बीई प्रमाणपत्र कुठे आहे? माझा सीए मागतो.” ८०जी म्हणजे देणगीदाराला करसवलत देणारी नोंदणी, पण १०बीई म्हणजे काय तेच मला ठाऊक नव्हते. डिचोलीतल्या एका सीएकडे फाइल घेऊन गेले. त्याने दहा मिनिटांत सांगितले की भिंतीवरच्या कागदाचा आता उपयोग नाही. २०२०च्या वित्त कायद्याने सगळ्या जुन्या १२ए आणि ८०जी नोंदण्या नव्याने करून घ्यायला लावल्या होत्या, १ एप्रिल २०२१ पासून. १०ए नावाचा फॉर्म ऑनलाइन भरायचा होता. त्याची मुदत कितीतरी वेळा वाढली, ती आता ३० जूनला कायमची संपणार होती. आमच्या हातात तीन आठवडेही नव्हते.

म्हणजे ज्याला पाचपैकी पाच मिळाले, तेच आमचे सर्वांत मोठे भोक होते. आणि ते भोक त्या वहीत लिहिलेले होते. हे मला नंतर कळले. जुने कागद शोधताना ऑगस्ट २०२१चे इतिवृत्त उघडले, त्यात माझ्याच अक्षरात ठराव: “१२ए नव्याने करून घेणे. जबाबदारी चिटणिसांची.” मुदत वाढली म्हणून मी निवांत झाले, पुन्हा वाढली, आणि मग विसरले. चूक माझी आहे. पण जो माणूस आमची क्षमता तपासायला आला, त्याने ती वही वाचून घेतली असती तर २०२२च्या सप्टेंबरातच विचारले असते, “ह्याचे काय झाले?” तपासणी म्हणजे मला एवढेच वाटते.

तो फॉर्म आम्ही २६ जूनला भरला. त्यासाठी संस्थेची मूळ घटना आणि नोंदणीचा दाखला हवा होता, आणि ते कुठे आहेत हे एकाच माणसाला माहीत होते. आमची ती मुलगी. कंपनीतली पाळी संपवून ती चार संध्याकाळी आमच्याकडे आली, रेनकोट घालून, पावसात स्कूटर चालवत. अग्रशाळेच्या माळ्यावरच्या ट्रंकेतून तिने दाखला काढला. पैसे घ्यायला तयार नव्हती. मी बळेच दिले.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. माझ्या मते प्रत्येक संस्थेकडे एक अख्खा दिवस बसा, आणि अध्यक्ष-चिटणिसांपेक्षा जमाखर्च लिहिणाऱ्याशी जास्त बोला. गेल्या बारा महिन्यांचे इतिवृत्त ज्या भाषेत असेल त्या भाषेत वाचा. देवनागरी मराठी असेल, कोकणी असेल, दक्षिण गोव्यात सासष्टीकडे गेलात तर रोमी लिपीतली कोकणी असेल. वाचता येत नसेल तर वाचणारा सोबत न्या. ठराव झाला आणि पुढे त्याचे काय झाले, एवढे एक सूत्र धरून वाचलेत तरी अर्धी संस्था कळेल. कागद आहे का, असे विचारू नका. कुठला कागद कधी संपतो, आणि ती तारीख समितीतल्या किती जणांना ठाऊक आहे, ते विचारा. प्राप्तिकराच्या पोर्टलचा पासवर्ड कोणाकडे आहे, हेही विचारा. आमच्याकडे तो फक्त माझ्याकडे होता. ३१ मेपर्यंत भरायचे देणगीदारांचे १०बीडी विवरण भरले का ते पाहा. उशिराला दिवसाला २०० रुपये लागतात, आणि ते आम्ही भरले आहेत.

निधीचे स्रोत किती, हा प्रश्न प्रत्येक प्रश्नावलीत असतो. आमच्या भागात तो आकडा फसवा आहे. २०१२पूर्वी आम्हाला तीन ठिकाणांहून पैसे मिळत: एक खाण कंपनी, एक ट्रकमालक, एक यंत्रे भाड्याने देणारा कंत्राटदार. कोणी मोजले असते तर तीन स्रोत म्हणून चांगले गुण मिळाले असते. २०१२ला खाणी थांबल्या आणि तिन्ही एकाच महिन्यात बंद झाले. मग थोडे सुरू झाले, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडले. डिचोली, सत्तरी, सांगे या पट्ट्यातल्या कुठल्याही जुन्या संस्थेला तुम्ही एवढेच विचारा की २०१२ आणि २०१८ मध्ये तुम्ही काय केले. आम्ही शिवणवर्गाची फी लावली, सभासदांची वर्गणी पाचपट केली, आणि देवस्थानच्या महाजनांकडे जाऊन जागेचे भाडे माफ करून घेतले. अभ्यासवर्ग एकही दिवस बंद पडला नाही. आमची क्षमता काय आहे ते या तीन गोष्टींत आहे. त्या चौतीस पानांत त्यांचा उल्लेख नाही, कारण त्या विचारणारा रकानाच नव्हता.

क्षमता वाढवायची तर माणसाचा पगार द्या. याबद्दल मी कोणाचे ऐकणार नाही. त्या साहेबांचे वाक्य मी नंतर सीएला विचारले. पाच टक्क्यांची मर्यादा आहे, पण ती कंपनीने स्वतःच्या सीएसआर कारभारावर करायच्या खर्चाला आहे. आमच्यासारख्या संस्थेच्या हिशेबनिसाला किती द्यायचे याच्याशी तिचा संबंध नाही. परदेशी निधीची गोष्ट वेगळी, तिथे परदेशी निधीच्या कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीने संस्थेचाच प्रशासकीय खर्च ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणला. सीएसआरवाले हे दोन्ही एकत्र करून बोलतात, आणि गावातल्या संस्था मान हलवतात, जशी मी त्या दिवशी हलवली. तुम्ही देणगीदारासमोर बसाल तेव्हा हा फरक त्यांना पहिल्यांदा समजावून सांगा. हिशेब लिहिणारा नसेल तर उपक्रमाचा पैसा कोणाच्या हातात देणार आहेत?

एका संस्थेला पूर्णवेळ माणूस परवडत नाही, हे खरे. पण आसपासच्या पाच संस्थांनी मिळून एक हिशेबनीस ठेवला तर? सोमवारी डिचोली, मंगळवारी साखळी, बुधवारी वाळपई, असा वार लावून. देणगीदाराने तीन वर्षांचा पगार द्यावा, पहिल्या वर्षी पूर्ण, पुढे उतरता. हॉटेलातल्या कार्यशाळेपेक्षा हे कितीतरी जास्त टिकेल. ज्यांना शिकवायचे त्यांना त्यांच्याच ऑफिसात, त्यांच्याच फाइलींवर शिकवा. आमच्या बायकांना पणजीला दोन दिवस जायचे म्हणजे घरचे जेवण, मुले, कदंबाची (सरकारी) बस, सगळ्याची जुळवाजुळव करावी लागते. येतात त्याही पदाधिकारी. काम करणाऱ्या मागेच राहतात.

एक दिलासा आहे. २०२५च्या वित्त कायद्याने, वर्षाचे उत्पन्न पाच कोटींच्या आत असलेल्या लहान संस्थांची १२एची नोंदणी नूतनीकरणात पाचऐवजी दहा वर्षांची केली. पण दहा वर्षांत समिती दोनदा बदलते, तारीख विसरायला पुरेसा वेळ मिळतो. म्हणून ती वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर कायमची घालून ठेवायला सांगा. आम्ही घातली आहे.

आता त्या सल्लागाराच्या बाजूनेही सांगायला हवे. त्याचे सगळे चुकले नव्हते. माझ्याशिवाय चेकवर सही करणारा एकच माणूस होता, तोही वयाची सत्तरी ओलांडलेला. ते बदला असे त्याने लिहिले होते, आणि आम्ही २०२४च्या धक्क्यानंतरच बदलले. वेबसाइट केली, तिच्यावरून दोन नवे देणगीदार आले. आणि काही संस्था खरोखर एका कुटुंबाच्या असतात, सभा फक्त कागदावर होतात. तिथे हिशेबनिसाचा पगार देऊन काही होणार नाही. त्या ओळखायला तुम्हाला इतिवृत्तच मदत करील: सगळ्या सभांच्या सह्या एकाच पेनाने एकाच दिवशी केलेल्या दिसतात.

देणगीदार गुण मागणारच असेल तर द्या, पण अहवाल आधी त्या संस्थेला दाखवा, मराठीत किंवा कोकणीत, आणि त्यांचे म्हणणे त्याला जोडा. आमचा अहवाल आम्ही पाहिला तो कंपनीकडे जाऊन दोन महिने झाल्यावर. धर्मादाय आयुक्तांचा रकाना तेव्हाही तसाच होता.

मार्चमध्ये जाऊ नका, सगळे वर्षअखेरीच्या गडबडीत असतात. चवथीच्या आधी पंधरा दिवसही नको. नोव्हेंबर बरा. प्रश्नावलीचा मसुदा झाला की मला पाठवा, मी वाचून देईन. हिशेबाचा भाग आमच्या त्या हिशेबनीस मुलीला दाखवीन. ती आता दर शनिवारी दुपारी येते, आणि या वेळी तिच्या पगाराचा ठराव वहीत पहिल्या क्रमांकावर आहे.