वाचकांचे प्रश्न : रोजीला नागरिकत्वाची अट नाही

प्रश्न : आमच्या गल्लीत पाकिस्तानातील सिंधमधून २०१३ साली आलेले एक हिंदू कुटुंब भाड्याने राहते. सर्वांकडे दीर्घ मुदतीचा व्हिसा आहे. धाकटी मुलगी मात्र नागपुरातच जन्मली. त्या घरातील ताई एका शिलाई कारखान्यात जातात. त्यांना इतर बायकांपेक्षा कमी रोजी मिळते आणि मालक म्हणतो, ‘तू इथली नाहीस, तक्रार कुठे करशील?’ नागरिकत्वासाठी मराठीची परीक्षा असते, अशी धास्तीही त्यांनी घेतली आहे. एक ओळखीचा माणूस त्यांचे नाव मतदार यादीत घालून देतो म्हणतो. आम्ही शेजाऱ्यांनी काय करावे?
— एक वाचक, जरीपटका, नागपूर

उत्तर : रोजीचा प्रश्न आधी घेतो, कारण ताईंचे नुकसान दर आठवड्याला होते आहे. मालकाचे म्हणणे साफ चुकीचे आहे. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्या या कुटुंबांना खासगी नोकरी करण्याची मुभा सरकारनेच दिली आहे, आणि किमान वेतन हे काम करणाऱ्याला मिळते, नागरिकत्व पाहून नव्हे. राज्यघटनेतील मतप्रदर्शनाचे, संघटनेचे हक्क नागरिकांपुरते आहेत. परंतु कायद्यापुढील समानता, जीविताचे संरक्षण आणि वेठबिगारीपासून मुक्तता हे हक्क ‘व्यक्ती’ला दिलेले आहेत. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणे ही वेठबिगारीच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली एशियाडच्या (आशियाई क्रीडा स्पर्धांच्या) बांधकाम मजुरांच्या प्रकरणात स्पष्ट केले. ताईंना एक साधी वही घेऊन द्या आणि तारीख, कामाचे तास व हातात पडलेली रक्कम रोज लिहायला सांगा. कामगार आयुक्तालयात अर्ज देताना ही वही मोठा आधार ठरते. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. तिथे त्यांच्यासोबत आपल्यापैकी कोणीतरी अवश्य जावे, कारण व्हिसावर राहणाऱ्या माणसाला कोणत्याही सरकारी दाराची भीती वाटते.

मराठीच्या परीक्षेची धास्ती निराधार आहे. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील, म्हणजे भाषांच्या यादीतील, कोणत्याही एका भाषेचे पुरेसे ज्ञान, एवढीच भाषेची अट आहे आणि सिंधी १९६७ पासून त्या अनुसूचीत आहे.

नागरिकत्वाच्या अर्जाविषयी सांगायचे तर, ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत पाकिस्तान, बांगलादेश वा अफगाणिस्तानातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती व्यक्तींसाठी वास्तव्याची अट ११ वर्षांवरून ५ वर्षांवर आणली गेली असून तिचे नियम ११ मार्च २०२४ रोजी लागू झाले. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. मूळ कागदांची पडताळणी आणि निष्ठेची शपथ मात्र टपाल खात्याच्या अधीक्षकांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा समितीपुढे प्रत्यक्ष होते. मुदत संपलेला पाकिस्तानी पासपोर्टही पुरावा म्हणून चालतो, त्यामुळे जुना म्हणून तो कोणी टाकून देऊ नये.

शेजाऱ्यांचे खरे काम इथे आहे. एका रविवारी सगळे कागद चटईवर मांडून बसा. अशाच एका घरी मी बसलो होतो, तेव्हा वडिलांच्या नावात पासपोर्टवर इंग्रजी ‘यू’ होता आणि व्हिसाच्या कागदावर दोन ‘ओ’. गावाचे नाव तर तीन कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिलेले होते. अर्ज भरण्यापूर्वीच असे फरक टिपून, प्रतिज्ञापत्र लागेल का हे वकिलाला विचारून घ्यावे. जरीपटका-खामल्यात फाळणीनंतर येऊन स्थिरावलेली सिंधी घरे आहेत. उर्दू वा सिंधी कागद वाचून दाखवणारी वडीलधारी माणसे तिथेच भेटतील.

मतदार यादीच्या बाबतीत मात्र कडक राहा. नाव नोंदवताना नागरिक असल्याचे घोषणापत्र द्यावे लागते, आणि ते खोटे ठरल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आधार कार्ड हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे. त्या ‘ओळखीच्या’ माणसाला दारातूनच परत पाठवा. त्याच्या उपकारापायी इतक्या वर्षांचे धीराने राहणे मातीमोल होईल.

धाकट्या मुलीबद्दल अनेकांचा गैरसमज असतो. ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेले मूल, आईवडिलांपैकी कोणीच नागरिक नसेल तर, जन्माने नागरिक ठरत नाही. आईवडिलांना नागरिकत्व मिळाल्यावर अज्ञान (अठरा वर्षांखालील) मुलाची नागरिक म्हणून नोंदणी करता येते. तेव्हा महापालिकेचा जन्मदाखला जपून ठेवावा. शाळेसाठी मात्र थांबायचे कारण नाही, सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाचा तो हक्क आहे.

आणि मतदानाआधीही सार्वजनिक कामात भाग घेण्याची एक जागा ताईंना खुली आहे. मुलगी महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीत पालक म्हणून त्यांना बसता येईल. त्या समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात असा नियमच आहे. पुढच्या पालकसभेला त्यांना सोबत घेऊन जा आणि त्यांचे नाव आपणच सुचवा.