आरी वर्कचे फोटो, भिशीचे पैसे आणि सत्तर हजारांचा फोन

प्रश्न : मी सांगलीत घरूनच ब्लाउज शिवते, आरी वर्क करते. बऱ्याच ऑर्डर व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवरून येतात. सध्याचा फोन पाच वर्षांचा आहे. त्याला अपडेट येत नाहीत, मेमरी भरलीय आणि फोटोत रंग वेगळा दिसतो म्हणून गिऱ्हाइकं तक्रार करतात. तीन पर्याय पाहिलेत : नवा आयफोन १६ (६९,९०० रुपये, नवऱ्याच्या क्रेडिट कार्डावर २४ महिन्यांच्या 'नो कॉस्ट' हप्त्यांनी), ओळखीच्या दुकानातला वापरलेला आयफोन १३ (२८,०००) आणि नवा सॅमसंग गॅलॅक्सी ए३६, २५६ जीबीचा (३१,०००). माझी कमाई महिन्याला सरासरी १४,०००, पण चातुर्मासात ती पाच-सहा हजारांवर येते. नवऱ्याच्या ३४,००० पगारात घराचा हप्ता आणि घरखर्च भागतो. या महिन्यात माझी भिशी लागली, ३०,००० हातात आलेत. पतसंस्थेत ८०,००० ची ठेव आहे. धंद्यासाठीच घ्यायचाय, तर मग चांगलाच घ्यावा ना?

उत्तर : ताई, नमस्कार. तुम्हाला नवा फोन हवाच आहे. ज्या फोनला सुरक्षेचे अपडेट येणं थांबलंय, त्यावर रोज यूपीआयचे पैसे घेणं-देणं धोक्याचं आहे. तेवढं एक कारणही पुरे. पण माझा कौल आयफोनला नाही. तुमच्या कामाला आणि तुमच्या कमाईच्या चढउताराला आज ए३६ बसतो. तोही भिशीच्या पैशांतून, एकरकमी.

आधी हप्त्याचं बघू. ६९,९०० चे २४ हप्ते म्हणजे महिन्याला सुमारे २,९१२ रुपये. १४,००० मध्ये ते सहज बसतील असं वाटतं, पण सरासरी कमाई कुणाच्या हातात येत नाही. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात. गौरी-गणपती, दसरा-दिवाळीची शिलाई मिळते, पण आरी वर्कचे नवरीचे ब्लाउज, जिथे तुमची खरी मजुरी सुटते, ते थांबतात. दोन वर्षांच्या हप्त्यांत असे दोन चातुर्मास येणार. त्या महिन्यांत तुमची निम्मी कमाई फोनच्या हप्त्यात जाईल आणि धागा, मणी, अस्तर आणायला नवऱ्याच्या पगाराकडे बघावं लागेल. तो पगार तर आधीच पुरता वाटला गेलाय.

आणि 'नो कॉस्ट' म्हणजे फुकट नव्हे. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना स्पष्ट सांगितलंय. होतं असं की बँक व्याज लावते आणि तेवढी रक्कम कंपनी किंवा दुकानदार किमतीत आधीच कमी करून दाखवतो. क्रेडिट कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तो तुमच्या माथी येतो. बँकेचा दर वर्षाला १६ टक्के धरला, तर तुमच्या हप्त्यांत व्याजाचा भाग सुमारे १०,४०० रुपये आणि त्यावरचा जीएसटी सुमारे १,८७० रुपये निघतो. वर प्रोसेसिंग फी. म्हणजे फोन ७२,००० च्या आसपास पडतो. एकदम पैसे भरले तर दुकानदार जी घासाघीस मान्य करतो, तीही हप्त्यांत बहुधा हातची जाते. एखादा हप्ता चुकला तर कार्डाचं नेहमीचं चढं व्याज आणि दंड सुरू होतो.

आता भिशी. ३०,००० हातात आलेत, पण ते सगळे तुमचे नाहीत. बारा जणींची, २,५०० ची भिशी असणार आणि तुमचे तीन हप्ते भरून झाले असतील, तर तुमचे ७,५०० आणि उरलेले २२,५०० मैत्रिणींनी तुम्हाला वापरायला दिलेले. ते पुढच्या नऊ महिन्यांत फेडायचेत. बोलीची भिशी नसून चिठ्ठीची असेल तर यावर व्याजही नाही. खऱ्या अर्थाने बिनव्याजी हप्ता तुमच्याकडे आधीच आहे! शिवाय आता लग्नसराई सुरू होतेय, त्यामुळे हे नऊ हप्ते बहुतेक चांगल्या महिन्यांतच जातील. आयफोन घेतला तर मात्र हे नऊ महिने भिशीचे २,५०० आणि कार्डाचे २,९१२ मिळून ५,४०० च्या वर दर महिन्याला बाहेर पडतील.

फोनची किंमत मी नेहमी महिन्यात मोडून बघते. आयफोन १६ पाच वर्षं वापरला तर ७२,००० भागिले ६०, म्हणजे महिन्याला १,२००. आयफोनला मोड चांगली येते हे खरं आहे. शेवटी १२,००० आले असं धरलं तरी हजार रुपये महिना. ए३६ ला सॅमसंगने सहा वर्षांच्या सुरक्षा अपडेटचं वचन दिलंय. तो मार्च २०२५ मध्ये आला, म्हणजे २०३१ पर्यंत. मी चारच वर्षं धरते आणि मोडीचा एक रुपयाही धरत नाही, तरी ६५० च्या आत बसतो. वापरलेला आयफोन १३ स्वस्त वाटतो, पण तो मूळचा सप्टेंबर २०२१ चा. आणखी दोन वर्षं चालला तर महिन्याला जवळपास १,१७०, शिवाय बॅटरी बदलायचा खर्च वेगळा. म्हणजे तो नव्या आयफोनच्याच घरात जातो.

तरीही मन त्याच्याकडे ओढत असेल, तर ओळखीवर विसंबू नका. बिल मागा. *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक बघा आणि तो सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासा. चोरीचा म्हणून ब्लॉक झालेला असेल तर तिथे कळतं. सेटिंगमध्ये बॅटरी हेल्थ ८० टक्क्यांच्या खाली असेल तर सौदा सोडा. 'अबाउट'मध्ये बॅटरी, स्क्रीन किंवा कॅमेरा बदललाय का आणि भाग अस्सल आहे का, तेही दिसतं. आधीच्या मालकाचं ॲपल खातं तुमच्यासमोर काढून घ्या, नाहीतर पैसे देऊनही फोन तुमचा होणार नाही.

रंगाच्या तक्रारीवर मला जास्त बोलायचंय, कारण तुमचा सगळा मोह तिथून आलाय. राणी रंग, लालभडक आणि मोरपंखी हे रंग बहुतेक फोनना जड जातात. ट्यूबलाइट एका रंगाची, बाजूचा बल्ब पिवळट, खिडकीतून तिसराच उजेड, अशात कॅमेऱ्याचा गोंधळ होतो. लाल कापडाचा तर सपाट डाग होतो आणि वरचं जरीचं काम त्यात बुडतं. सत्तर हजारांच्या फोनमध्येही हे होतं, थोडं कमी. दिवे बंद करून सकाळच्या उजेडात, ऊन थेट येत नाही अशा खिडकीपाशी पांढऱ्या चादरीवर ब्लाउज ठेवा. सौंदर्य वाढवणारे सगळे पर्याय बंद करा. वाइड कॅमेरा नको, मुख्यच वापरा. स्क्रीनवर दिसणाऱ्या कापडावर बोट टेकवून उजेड किंचित खाली ओढा, जरीचे टाके उठून दिसतील. यातूनही फरक राहील, कारण गिऱ्हाइकाच्या फोनची स्क्रीनही रंग भडक दाखवत असते. म्हणून ऑर्डर पक्की करण्याआधी कापड दोऱ्याच्या रिळाजवळ धरून काढलेला एक फोटो पाठवत जा.

आणि फोन घ्यायला जाताना तयार झालेला एक राणी रंगाचा आणि एक हिरवा ब्लाउज पिशवीत न्या. डेमोच्या आयफोन १६ वर आणि ए३६ वर, दुकानाच्या दारात, एकाच जागी फोटो काढा. ते नवऱ्याच्या फोनवर मागवून, ब्लाउज शेजारी धरून बघा. दुकानातले मेगापिक्सेल आणि 'एआय' मोजत बसतील, तुम्ही फक्त टाका बघा. व्हिडिओत आयफोन सरस आहे हे मान्य, पण तुमच्या रीलसाठी ए३६ चा पुरेसा आहे. त्यात मेमरी कार्डाची सोय नाही, म्हणून २५६ जीबीचाच घ्यायचा तुमचा निर्णय बरोबर. बिलावर आयएमईआय लिहून घ्या. धूळ-पाण्यासाठी आयपी६७ असलं तरी पाण्याने बिघडलेला फोन वॉरंटीत धरत नाहीत, हे लक्षात ठेवा.

वर्षभरात सांगलीबाहेरच्या ऑर्डर निम्म्याहून जास्त झाल्या आणि त्या व्हिडिओ बघून येत असल्या, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा महागडा फोन घ्यायला मी स्वतः सांगेन.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण मला फोनपेक्षा तिची काळजी वाटते. पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेतल्यासारखं पाच लाखांपर्यंतचं ठेव विम्याचं संरक्षण नसतं. ते ८०,००० म्हणजे तुमच्या घरची आजारपणाची एकुलती एक तरतूद दिसते. ठेवीची मुदत संपली की नूतनीकरण करू नका. रक्कम बँकेत हलवा आणि त्यातले निदान ३०,००० लगेच काढता येतील असे बचत खात्यात ठेवा.