थंड हवेत कुंडीतलं मँडरिन संत्रं लावताय? आधी एवढं करा

बी पेरून सुरुवात करू नका. त्या झाडाला फळ धरायला बरीच वर्षं लागतात आणि तोवर धीर सुटतो. कलमी रोप घ्या, शक्यतो सात्सुमा. मँडरिनमध्ये थंडीला हीच जात काटक. शिवाय परागीभवन न होताही ती फळ धरते, त्यामुळे झाड घरात असलं तरी अडत नाही.

कुंडीतली बहुतेक झाडं थंडीपेक्षा पाण्यानंच जातात. साधारण 13 अंशांखाली वाढ जवळपास थांबते, मुळं पाणी ओढत नाहीत आणि ओल्या मातीत कुजतात. बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तरच पाणी द्या.

खिडकीत पानांवर ऊन आणि खाली मुळं गारठलेली, असं झालं की पानं गळतात. अशा वेळी घाबरून खत-पाणी वाढवू नका. कुंडी गार फरशीवरून उचलून लाकडी फळीवर ठेवा.

आणखी थोडं:
- कुंडी मुळांपेक्षा जराशीच मोठी घ्या.
- हीटरजवळ ठेवू नका. कोरड्या हवेत लाल कोळी ही बारीक कीड येते, पानांची खालची बाजू तपासत राहा.
- कलमाच्या जोडाखालून तीन-तीन पर्णिकांची (छोट्या पानांची) फूट आली तर लगेच काढा, ती खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या झाडाची असते.
- वसंतात झाड एकदम उन्हात नेऊ नका, आधी आठवडाभर सावलीत ठेवा.

100 ग्रॅम फळात साधारण 27 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व मिळतं, पण खरं सुख फुलांच्या वासाचं. तो घरभर दरवळतो! छाटणीचं यंदा डोक्यातही आणू नका.