मसाई मारात भरल्या ओढ्यात गाडी घालतात, ते सुरक्षित असतं का?

एप्रिलच्या सुट्टीत पासष्टी ओलांडलेल्या आई-वडिलांना घेऊन केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात जायचंय, तिथे गाड्या नदीतून नेतात ते सुरक्षित असतं का, आणि स्वतः गाडी चालवली तर किती पाण्यातून न्यावी, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: पाण्यात जायचं की नाही हे ड्रायव्हरला ठरवू द्या, आणि तो थांबला तर मागच्या सीटवरून एक अक्षर बोलू नका. हे इतक्या जोरात सांगतेय, कारण यावरून आमच्या घरात अजून वाद चालू आहे.

आम्ही नैरोबीत राहतो. पुण्याहून सासूबाई आणि धाकटे दीर आले होते, त्यांना घेऊन एप्रिलमध्येच माराला गेलो. तिथे मार्च ते मे मोठा पाऊस असतो. सकाळी आम्ही ज्या लुग्ग्यातून, म्हणजे कोरड्या ओढ्यातून गेलो, त्यात टायर भिजेल एवढंही पाणी नव्हतं. दिवसभर आमच्या डोक्यावर थेंब पडला नाही. पूर्वेला लोइटा टेकड्यांकडे मात्र आभाळ काळंभोर झालं होतं, आणि ड्रायव्हर दुपारपासून सारखा तिकडे बघत होता. शेवटी त्यानं सिंहीण अर्धवट सोडून गाडी फिरवली. दीर तेव्हाच नाराज झाले.

ओढ्यावर आलो तर तांबडं पाणी दुथडी वाहत होतं. समोरच्या काठापलीकडे आमच्या कँपचे तंबू दिसत होते. आम्ही पोचलो तेव्हाच दुसरी एक लँडक्रूझर आमच्यासमोर पाण्यात शिरली, मध्यावर जराशी घसरली आणि पलीकडे निघाली. आमच्या ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, दारातूनच वाकून एक काटकी पाण्याच्या कडेला चिखलात खोचली आणि बघत बसला. पंधरा मिनिटांत काटकी बुडाली.

दीर म्हणाले, "अरे, ती गाडी गेली की! आपल्याला स्नॉर्कल आहे, घाल बिनधास्त." (स्नॉर्कल म्हणजे इंजिनासाठी छताच्या उंचीवरून हवा घेणारी नळी.) ते मुळशीकडे थार घेऊन ओढ्यांतून फिरतात, त्यामुळे त्यांना यातलं कळतं असं त्यांचं ठाम मत. ड्रायव्हर एवढंच म्हणाला, "पोले पोले," म्हणजे सावकाश. दिरांचा आवाज चढला तसं सासूबाईंनी त्यांना गप्प केलं. त्या सांगलीच्या, 2005 चा कृष्णेचा पूर त्यांनी घरात पाणी शिरताना बघितलेला. "पाणी चढतंय. तू बोलू नकोस," म्हणाल्या. त्यांच्या रात्रीच्या गोळ्या कँपवर होत्या, लघवीला जायची पंचाईत झाली होती, अंधार पडत होता, पण त्यांनी तक्रार केली नाही.

ड्रायव्हरनं रेडिओवर कळवलं. कँपवरून एक गाडी येऊन समोरच्या काठावर दिवे लावून उभी राहिली. दुसरी काटकी, मग तिसरी. आठनंतर केव्हातरी ओल्या चिखलाची पट्टी काटकीच्या खाली दिसायला लागली. तरीही तो लगेच निघाला नाही. पाणी आणखी वीतभर उतरू दिलं, समोरच्यांशी बोलून वाटेची कड नक्की केली, आम्हाला पट्टे सोडायला आणि काचा खाली करायला लावल्या, मग लो-रेंज, म्हणजे चारही चाकांना सावकाश पण जोरात ओढणारा गिअर, टाकून दुसऱ्या गिअरमध्ये एका लयीत गाडी पलीकडे नेली. मध्ये गिअर बदलला नाही, की थांबला नाही. बाहेर आल्यावर ब्रेक दोन-तीनदा दाबून सुकवले.

आता दिरांच्या त्या दोन मुद्द्यांबद्दल. स्नॉर्कल इंजिनाला वरची हवा देतो. पाणी इंजिनात गेलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, तेवढं त्यानं टळतं. पण गाडी तरंगायला लागली तर स्नॉर्कल काय करणार? साडेचार मीटर लांब आणि पावणेदोन मीटर रुंद गाडी घ्या. पाणी तळाच्या वर गेलं की दर 10 सेंटीमीटरला जवळपास पाऊण टन वजन उचललं जातं. आत पाणी शिरेपर्यंत टायर जमिनीवर नुसते टेकलेले राहतात. त्यात प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. टोयोटा हायलक्ससारख्या गाड्यांच्या माहितीपत्रकात पाण्याची खोली 700 मिलिमीटरपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं, ते संथ पाण्याचं. वाहत्या पाण्यात 60 सेंटीमीटरला मोठ्या गाड्याही वाहून जातात. आणि "ती गाडी गेली की" याचा अर्थ एवढाच, की ती गेली तेव्हा पाणी कमी होतं. काटकी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बुडाली होती.

आपल्याकडे सांगतात तसं "उतरून, काठी घेऊन खोली बघा" हे तिथे चालत नाही. मारातल्या तालेकसारख्या नद्यांत मगरी आणि पाणघोडे आहेत, आणि अभयारण्यात गाडीतून उतरायलाच मनाई असते. गढूळ पाण्यात रात्रीत पडलेला खड्डा दिसत नाही. चढणीला काळी माती, आपल्या विदर्भ-मराठवाड्यातली असते तशीच. पाण्यातून निघालेली गाडी तिथेच रुतते आणि मागे प्रवाहात घसरते.

आणि हे काही दुर्मीळ नाही. 2024 च्या मे महिन्याच्या सुरुवातीला तालेक नदीचं पाणी काठावरच्या अनेक कँपांत शिरलं, तेव्हा रेड क्रॉसला पर्यटक हेलिकॉप्टरनं काढावे लागले होते.

मला खरा राग आहे तो टीपेचा. शेवटच्या दिवशी दिरांनी ड्रायव्हरची टीप निम्मी केली, "घाबरट आहे, अख्खी संध्याकाळ वाया घालवली" म्हणून. ज्या माणसानं पाच जणांना सुखरूप आणलं, त्याचे पैसे कापले! गाडी बुडाली असती तर नोकरी त्याचीच गेली असती, आणि घालायला लावणारा पुण्याला परतला असता. राहिलेली रक्कम मी त्याला नंतर एम-पेसानं, म्हणजे तिथल्या मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सोयीनं, पाठवली. लग्नाकार्यात दीर हा किस्सा अजून "भित्र्या ड्रायव्हरचा" म्हणून सांगतात, म्हणून इथे जाहीर लिहितेय. तुम्ही पाकीट देताना थांबणाऱ्या ड्रायव्हरला जास्त द्या. पर्यटकच "घाल, घाल" करतात आणि न घालणाऱ्याला कमी देतात, मग पुढच्या वेळी तो घालेलच ना?

हे सगळं पावसाळ्याचं झालं. जुलै ते ऑक्टोबर बहुतेक लुग्गे कोरडे किंवा घोट्याएवढे असतात, तेव्हा काळजीचं काही नाही. मोठ्या मारा नदीवर पूल आहे, तिच्यात कोणी गाडी घालत नाही. एप्रिलमध्येच जायचं असेल तर आई-वडिलांना नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानानं न्या, तासाभराच्या आत पोचतात. पण धावपट्टी आणि कँप ओढ्याच्या एकाच काठावर आहेत ना, हे आधी विचारा. औषधं, पाणी आणि खाणं रोज गाडीत ठेवा.

स्वतः चालवणार असाल तर माझ्या मते मारात पावसाळ्यात नकोच. बोट्सवानात मोरेमी, ख्वाई भागात बरेच जण स्वतः चालवतात, पण तिथलं गणित उलटं आहे. अंगोलातला जानेवारी-फेब्रुवारीचा पाऊस ओकावांगो नदीतून सरकत माऊन गावाला साधारण जून-जुलैत पोचतो, म्हणजे ऐन कोरड्या दिवसांत वाटेवरचं पाणी सगळ्यात जास्त. ते हळूहळू चढतं, तासात नाही, त्यामुळे कँपवर आदल्या दिवशी विचारून ठरवता येतं. भाड्याच्या गाडीचा करार मात्र निघण्याआधी वाचा. पाण्यानं झालेलं नुकसान बहुतेक करारांत विम्याबाहेर असतं.