इलेक्ट्रिक गाडी घेतल्यापासून धाकधूक होते, ती कितपत खरी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: महिन्यापूर्वी ३० किलोवॅट-तास बॅटरीची इलेक्ट्रिक गाडी घेतली. राहायला कोथरूडला, सोसायटीत. मुलगी पाचगणीला वसतिगृहात, तिला भेटायला निघायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. डॅशबोर्ड आज २१० किमी दाखवतो तर उद्या १७५. त्यात पाऊस, बॅटरीचं आयुष्य आणि शेजाऱ्यांचं "आग लागते म्हणे" हे पालुपद. जुनी पेट्रोल गाडी अजून दारात उभी आहे, ती विकावी का, हेही विचारलंय.

रेंजची भीती हिशोबाने जाते, साधारण दोन-तीन आठवड्यांत. खरं घाबरण्यासारखं आहे ते तुमच्या पार्किंगमधलं सॉकेट, आणि नेमकं त्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही. त्यावर येतो. आधी रेंज.

डॅशबोर्डवरचा 'किती किमी जाईल' हा आकडा म्हणजे भविष्य नव्हे. मागच्या काही किलोमीटरला तुम्ही किती वीज खाल्लीत, त्यावरून गाडीने बांधलेला तो अंदाज असतो. काल कर्वे रोडच्या गर्दीत हळूहळू आलात म्हणून २१०, आज बायपासवर शंभरने आलात म्हणून १७५. गाडी तीच, बॅटरी तीच. स्क्रीनवर तो आकडा झाकायची सोय असेल तर झाका आणि फक्त टक्के बघा.

वीजबिलातला एक युनिट म्हणजेच एक किलोवॅट-तास. तुमच्या ३० पैकी २८ युनिट वापरता येतात असं धरून चाला. या आकाराच्या गाडीला शहरात एका किलोमीटरला ०.११ ते ०.१२ युनिट लागतात. हायवेला ८०च्या वेगात साधारण ०.१३, १००ला ०.१६, आणि १२०ला ०.२ च्या आसपास. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून १०० वरून १२० वर नेणारा शेवटचा वेग सगळ्यात महाग पडतो. ट्रिप मीटर शून्य करून आठवडाभर चालवा आणि तुमच्या पायाखालचा खरा आकडा काढा. तो ०.१३ निघाला तर सोपं सूत्र हाती येतं: एक टक्का म्हणजे दोन किलोमीटर. ४० टक्के उरलेत म्हणजे ८० किमी.

एसीला लोक उगाच घाबरतात. गाडी उन्हात तापलेली असताना पहिली दहा मिनिटं तो जास्त ओढतो, मग तासाला एक ते दीड युनिटवर स्थिरावतो. खंबाटकी घाटात दोन तास ट्रॅफिकमध्ये अडकलात तरी एसीसकट दोन-तीन युनिट जातील, म्हणजे दहा टक्के. मोटर थांबलेली असताना जवळजवळ काही खात नाही. एसी बंद करून घामाघूम बसण्यापेक्षा मोकळ्या रस्त्यावर वेग १० ने कमी केलात तर जास्त वाचेल.

आता पाचगणी. घाटाचा हिशोब भौतिकशास्त्राचा आहे, त्यात नशिबाचा भाग नाही. माणसं-सामान धरून १७०० किलोची गाडी १०० मीटर वर चढवायला, मोटरमधली गळती धरून, साधारण अर्धा युनिट लागतो. उतरताना १०० मीटरला ०.३ युनिटच्या आसपास परत मिळतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, पाचगणी सुमारे १३०० वर. चढ ७४० मीटर, म्हणजे पावणेचार युनिट. खंबाटकी चढून पुन्हा उतरता, त्याचा अर्धा युनिट वेगळा धरा. कोथरूड ते पाचगणी १०५ किमी धरले तर सपाटीचे पावणेचौदा. एकूण १८. पूर्ण चार्ज करून निघालात तर पाचगणीत पोचताना १० युनिट, म्हणजे ३५ टक्के उरतात.

परतीला गंमत बघा. पाचगणी ते वाई हा पसरणी घाट बारा-तेरा किलोमीटरचा. तेवढ्या रस्त्याला दीड-पावणेदोन युनिट लागतात आणि उतारावर जवळपास तेवढेच परत येतात. रीजन (उतारावर किंवा ब्रेक लावताना मोटरने वीज परत भरायची सोय) जास्तीत जास्तवर ठेवून उतरलात तर पाचगणीला ३५ टक्के असलेली गाडी वाईला ३५च्याच आसपास असते. पुढे कोथरूडपर्यंत लागतात साधारण १२ युनिट, हाताशी आहेत १०. म्हणजे दोन युनिटची तूट आणि वर वीस टक्क्यांची गंगाजळी धरून ७-८ युनिट भरायचे. डीसी चार्जरवर (रस्त्यावरच्या जलद चार्जरवर) २५ किलोवॅटचा जरी वेग मिळाला तरी वीस मिनिटं. मिसळ आणि चहा होईपर्यंत काम झालं. तुमच्या पोटातला गोळा तो एवढाच.

हे चार्जिंग जाताना न करता येतानाच करा. बॅटरी कमी असताना गाडी वेगाने वीज घेते, ८० टक्क्यांनंतर वेग झपकन पडतो. ८० ते १०० साठी चार्जरवर बसून राहणं म्हणजे वेळही वाया आणि मागच्या गाडीवाल्याच्या शिव्याही.

वाई फाटा ते शिरवळ या टप्प्यातले दोन चार्जर निघण्याआधीच ॲपवर हेरून ठेवा. दोन, एक नाही. नकाशावर हिरवा दिसतो म्हणून चालू असतो असं नाही. तिथे शेवटचं चार्जिंग कधी झालं, लोकांनी काय शेरे लिहिलेत, ते बघा आणि शक्य असेल तर हॉटेलवाल्याला फोन करा. त्या कंपन्यांच्या ॲपमध्ये खातं उघडून वॉलेटमध्ये चार-पाचशे रुपये घरीच टाका. नेटवर्क नसलेल्या जागी ओटीपीची वाट बघणं, ही मला रेंजपेक्षा मोठी अडचण वाटते.

चार्जिंग सुरू होत नसेल तर क्रम असा. आधी चार्जरवरचं लाल इमर्जन्सी बटण कुणी दाबून ठेवलंय का ते बघा. ते फिरवलं की सुटतं. मग गाडी बंद करा, गन (केबलच्या टोकाचा प्लग) सरळ आत घाला आणि कुलपाचा 'खट्' ऐकू येईपर्यंत तिचं वजन हाताने उचलून धरा. डीसीची केबल जड असते, गन खाली लोंबली की पिना नीट बसत नाहीत आणि गाडी-चार्जरची बोलणी फिसकटतात. बहुतेक वेळा हेच होतं. तरी नाही झालं तर दुसरी गन लावा किंवा चार्जरवरच्या नंबरला फोन करून तो रीस्टार्ट करायला सांगा. उलटी अडचण, गन निघत नाही: ॲपवरून चार्जिंग थांबवा, गाडी किल्लीने लॉक करून पुन्हा अनलॉक करा, अर्धा मिनिट थांबा. ओढाताण करू नका. बहुतेक गाड्यांत हाताने कुलूप सोडवायची दोरी असते. ती कुठे आहे हे मॅन्युअलमध्ये आजच बघून ठेवा.

आता सॉकेट. गीझरही तेवढाच करंट ओढतो, पण पंधरा मिनिटं. गाडी १० ते १३ अँपिअर सलग दहा तास ओढते. घरातला १५ अँपिअरचा पॉइंट त्या बेताने केलेला नसतो. आत स्क्रू जरा सैल असला की तिथे उष्णता तयार होते, पितळ तापून आणखी सैल होतं, प्लास्टिक पिवळं पडतं, आणि एखाद्या पहाटे सॉकेट वितळलेलं सापडतं. गाडी पेटली म्हणून जे फिरतं, त्यातही कधीकधी मूळ भिंतीत असतं.

इलेक्ट्रिशियनकडून हे करून घ्या: मीटरपासून पार्किंगपर्यंत फक्त गाडीसाठी वेगळी लाइन, ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, अंतर ४०-५० मीटरपेक्षा जास्त असेल तर ६ची. २० अँपिअरचा एमसीबी, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (टाइप ए; करंट गळला की वीज तोडणारा स्विच), चांगल्या कंपनीचं १६ अँपिअरचं सॉकेट. ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स (भिंतीवरचा चार्जर) लावणार असाल तर ३२ अँपिअर सलग चालतात, तेव्हा वायर निदान ६ स्क्वेअर एमएम आणि एमसीबी ४०चा. एक्स्टेंशन बोर्ड कधीच नाही, 'हेवी ड्यूटी' लिहिलेलाही नाही.

अर्थिंग मीटर लावून तपासायला लावा. फेज-न्यूट्रल २३० व्होल्टच्या आसपास, फेज-अर्थ तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ ३ व्होल्टच्या आत हवं. ते ८-१० दाखवत असेल तर गाडी चार्जिंग नाकारते किंवा मध्येच सोडते, आणि लोक सर्व्हिस सेंटरला खेटे घालत बसतात. दोष गाडीत नसतो, सोसायटीच्या सुकलेल्या अर्थिंगच्या खड्ड्यात असतो. खड्ड्यात पाणी घालून आकडा उतरला तर निदान झालंच. मग नवीन अर्थिंग करून घ्या.

सगळं झाल्यावर एक साधी चाचणी: चार्जिंग तासभर चालू द्या, मग बंद करून प्लग काढा आणि लगेच प्लगला हात लावा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर त्या सॉकेटवर पुन्हा गाडी लावू नका. महिन्यातून एकदा पिना काळ्या पडल्यात का तेही बघा.

महिना हजार किलोमीटर चालवलीत तर गळती धरून दीडशेच्या आत-बाहेर युनिट लागतील. ते घरच्याच मीटरवर आले तर बिल वरच्या टप्प्यात सरकतं, त्यामुळे महावितरणकडे ईव्हीसाठी स्वतंत्र मीटर मागण्याचा विचार करा. मंजूर भार किती आहे तेही बिलावर बघा. सोसायटी आडकाठी करत असेल तर केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या ईव्ही चार्जिंगबद्दलच्या सध्या लागू असलेल्या मार्गदर्शक सूचनांची प्रत अर्जाला जोडा. घरच्या सध्याच्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते असं जानेवारी २०२२च्या सूचनांत स्पष्ट म्हटलं होतं; २०२४ मध्ये त्यांच्या जागी नव्या सूचना आल्या.

बॅटरीच्या आयुष्याबद्दल पहिला प्रश्न, ती एलएफपी आहे की एनएमसी (लिथियम बॅटरीचे हे दोन प्रकार)? मॅन्युअलमध्ये असतं किंवा शोरूमला विचारा, कारण दोघींची पथ्यं वेगळी. एनएमसी रोज ८० टक्क्यांपर्यंत भरा, १०० फक्त प्रवासाच्या आदल्या रात्री. एलएफपीला मात्र आठवड्या-दोन आठवड्यांनी घरच्या सावकाश चार्जिंगवर पूर्ण १०० पर्यंत नेऊन आपोआप थांबू द्यावं लागतं. तिचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ हलत नाही, त्यामुळे किती उरलंय हे गाडीला नीट कळत नाही. पूर्ण भरल्यावरच हिशोब जुळतो. हे न केल्यास १२ टक्क्यांवरून एकदम ४ वर उडी बसते, आणि माणसाला वाटतं बॅटरी गेली. दोन्ही प्रकारांना १०० वर किंवा १० च्या खाली आठवडेच्या आठवडे उभं ठेवू नका. गावाला जाताना ५० च्या आसपास ठेवून जा. पहिल्या वर्षी क्षमता थोडी उतरते, नंतर वेग मंदावतो. अनेक कंपन्यांची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमीची असते. क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली तर बदलून देतात, ती ओळ वॉरंटी पुस्तकात शोधा आणि दरवर्षी सर्व्हिसला बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल छापून मागा.

पाऊस: गन गाडीत बसून दोघांची बोलणी झाल्याशिवाय पिनांत वीज येत नाही, त्यामुळे रिमझिमीत चार्जिंगला हरकत नाही, भिंतीकडचं सॉकेट तेवढं आडोशाला हवं. बॅटरीला आयपी६७ असतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्ध्या तासाची चाचणी. तो पुलावरच्या पाण्यात गाडी घालायचा परवाना नाही, कारण बाकी वायरिंग आणि कनेक्टर तुमच्या पेट्रोल गाडीसारखेच असतात. पार्किंगमध्ये दाराच्या पट्टीपर्यंत पाणी चढलं तर गाडी चालू करू नका, चार्जिंगला लावू नका, सपाट गाडीवर (फ्लॅटबेड टो-ट्रकवर) चढवून सर्व्हिसला न्या. बंद पडली तरी सपाट गाडीच. मोटरची चाकं जमिनीवर फिरवत ओढली तर मोटर वीज तयार करत राहते आणि नुकसान होतं.

आगीबद्दल शेजाऱ्यांना एवढंच सांगा की २०२२ साली ज्या बातम्या गाजल्या त्या बहुतांशी स्कूटरच्या होत्या. त्यानंतर स्कूटरसाठी एआयएस-१५६ आणि मोटारींसाठी एआयएस-०३८ ही बॅटरीची मानकं कडक झाली. आणि मग त्यांच्या पार्किंगमधली लोंबती वायर दाखवा.

एक गोष्ट मात्र खरंच दगा देते: बारा व्होल्टची छोटी बॅटरी. मोठ्या बॅटरीत ७० टक्के असूनही गाडी मेल्यासारखी पडते, स्क्रीन अंधारा, नुसती टिकटिक. कुलपं, स्क्रीन आणि मोठी बॅटरी जोडणारे रिले याच छोटीवर चालतात. गाडी 'रेडी' (चालायला सज्ज) न करता नुसतं म्युझिक लावून बसलं की ती उतरते. दुसऱ्या गाडीवरून जंपर लावला की पुन्हा जाग येते; टर्मिनल कुठे आहेत ते मॅन्युअलमध्ये बघा. डिकीत जंपर केबल ठेवा.

पेट्रोल गाडी तीन महिने ठेवा आणि ती प्रत्येक वेळी का काढलीत ते कागदावर लिहा. घरी चार्जिंगची सोय झालीच नाही, किंवा आठवड्यातून दोन-तीनदा अडीचशे-तीनशे किमी जावं लागतं असं दिसलं, तर तुमची शंका रास्त आहे आणि ती गाडी राहू द्या. पाचगणी पंधरवड्यातून एकदा, बाकी शहरात, एवढंच असेल तर विम्याची मुदत संपायच्या आत विकून टाका. तोवर आठवड्यातून एकदा तिलाही वीस मिनिटं फिरवा, नाहीतर जंपर केबल आधी तिलाच लावावी लागेल.